बाबांचं पथ्य आणि आईचं ताट

बाबांना शुगर निघाली तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, की सगळं खा पण थोडं थोडं खा, साखर आणि भात कमी करा, गोळी चुकवू नका आणि रोज चाला. मी सोबत होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, पण डॉक्टरांचं बोलणं संपलं तरी ते खुर्चीवरून उठेनात. शेवटी त्यांनीच विचारलं, "आन् पथ्य काय?" डॉक्टर म्हणाले, हेच पथ्य. बाहेर येऊन चपला घालताना बाबा मला म्हणाले, डॉक्टर नवा दिसतो.

आमच्याकडं पथ्य न सांगणारा डॉक्टर हा डॉक्टरच वाटत नाही. गोळी काय, कुणीही देतो. पण ज्यानं दोन-चार पदार्थ बंद केले, त्याचा गुण येतो अशी सगळ्यांची खात्री. डॉक्टरांनी सगळं खायची मोकळीक दिली, म्हणजे एक तर त्यांना आजार कळला नाही, नाहीतर आजार हाताबाहेर गेला. बाबा परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसले होते आणि मला कळत होतं की त्यांच्या डोक्यात हेच चाललंय.

आमचं गाव शिरड शहापूरच्या बाजूला. कुणी आजारी पडलं की सगळ्यांनी भेटायला जायचं, ही तिथली रीत. रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. नाही, ठेवते. भेटायला येणारा बिस्किटाचा पुडा नाहीतर केळी घेऊन येतो, पाय पसरून बसतो, चहा पितो आणि उठताना एक पदार्थ बंद करून जातो. त्यानं काहीतरी बंद केलं नाही तर तो नुसता चहाला आला होता असं होतं ना.

सुरुवात काकांनी केली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दोन्ही घरं एका भिंतीला भिंत लागून. त्या संध्याकाळीच ते आले आणि म्हणाले, "दादा, वांगं बंद करा बरं. शुगरला वांगं म्हंजी इख." बाबांनी मान डोलावली. आमच्या घरातून वांगं गेलं.

बाबांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. त्यांनी आयुष्यात कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही. भावकीत भांडण असो, सोयरीक असो, समोरच्याचं मन राखायचं, हा त्यांचा मोठेपणा होता आणि गावात त्याला मान होता. पण मन राखायची सवय ताटापर्यंत आली की काय होतं, ते मी बघितलं. माझ्या धाकट्या भावाचे सासरे नरसीहून आले आणि त्यांनी तुरीची डाळ बंद केली. व्याह्याचा शब्द मोडायचा कसा? घरच्या तुरीचं पोतं कोपऱ्यात उभं होतं आणि आमच्याकडं वरण शिजायचं थांबलं. हळद शिजवायच्या दिवसांत एक शेजारी पिवळ्या हातांनी कपबशी धरून बसला होता, त्यानं शेंगदाणे बंद केले, त्यात तेल असतं म्हणून. गावातल्या जुन्या गुरुजींनी तर फळंच बंद केली, एकसाथ सगळी. पेरू, पपई, बोरं, सीताफळ, काही ठेवलं नाही. ते येताना केळी घेऊन आले होते. ती शेजारच्या लेकरांनी खाल्ली.

मग कुणीतरी मुतखड्याची गोष्ट काढली. मुतखडा बाबांना नव्हता, त्या सांगणाऱ्याच्या मेव्हण्याला होता. पण पालक, टमाटे आणि एकूणच पालेभाजी आमच्या घरातून गेली.

पुण्याहून माझा धाकटा भाऊ मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचा. पांढरा कोट घातलेला माणूस हात हलवून सांगायचा की गहू सोडा, दूध सोडा, बघा काय चमत्कार होतो. त्यानं ओट्सचे मोठे पुडेही पाठवले. बाबांनी एक चमचा तोंडात घातला आणि बशी बाजूला सारली. पोरानं एवढ्या लांबून पाठवलंय, टाकून कसं द्यायचं, म्हणून ते सगळे पुडे आईनं संपवले. सकाळी पाण्यात शिजवून, मीठ टाकून, उभ्या उभ्या. मी विचारलं, कसं लागतं. ती म्हणाली, लाह्याचं पीठ ओलं झाल्यावर लागतं तसं.

शेवटी उरलं काय, तर ज्वारीची भाकरी, दुधी, कारल्याचा रस आणि मेथीदाण्याचं पाणी. त्यात ज्वारीबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, की शुगरवाल्यानं ज्वारी कितीही खावी, तिला मोजमाप नाही. दुसरं काहीच नसल्यामुळं बाबा भाकरीवर भाकरी खायचे, आणि शुगर उतरली नाही की लोक म्हणायचे, अजून काहीतरी बंद करायचं राहिलंय. हे बघताना माझं डोकं तापायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीच्या पोरांना कळतं ते ह्या मोठ्या माणसांना कळत नव्हतं, आणि सांगायला गेलं की बाबा शांतपणे म्हणायचे, "बाई, तू लेकरांना शिकव. माणसं जीव लावून येऊन राहिली, त्यांचं ऐकावं लागतं."

बाबांच्या पथ्याची ख्याती झाली. दादांसारखं पथ्य पाळणारा माणूस नाही, असं लोक आमच्या ओट्यावर बसून बोलायचे. बाबांना ते आवडायचं. आजारपणात माणसाला मिरवायला दुसरं असतं तरी काय.

ह्या सगळ्यात आईचा विचार कुणी केला नाही. आईला शुगर नव्हती. तिला काहीच नव्हतं. पण आमच्या घरात चूल एक आणि भांडं एक. बाबा जेवायचे, मग ती त्याच ताटात वाढून घ्यायची, हे लग्न झाल्यापासूनचं. मी तिला किती वेळा म्हणाले, की तुझ्यापुरतं वांगं भाज, तुझ्यापुरतं वरण लाव. तर ती म्हणायची, "त्यांच्या म्होरं बसून म्या वांगं खाऊ? माह्या घशाखाली उतरंल का?" समोर बसू नकोस, आत बसून खा, म्हटलं. मग म्हणायची, वास लपतो का.

म्हणून ती बाबांचं पथ्य पाळायची, आणि तेही उरलंसुरलं. दुधीची भाजी बाबांना वाढून जी राहील ती. कारल्याचा रस काढून झाला की फडक्यात जो चोथा उरायचा, तो टाकून द्यायला तिच्या जिवावर यायचं. त्यात ती मीठ-तिखट कालवायची आणि भाकरीला लावून खायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फडकं तिच्या हातातून ओढून घेतलं. ती हसली. म्हणाली, येवढं काय, सवय झाली.

जी बाई हे खात होती तिच्या हाताला काय चव होती, हे ज्यांनी तिचं खाल्लंय त्यांना विचारा. आमच्या शेतात ज्वारीच्या ओळींमध्ये मूग, चवळी, तीळ ती स्वतः टोकायची. बांधाला अंबाडी, कूपावर वाल आणि दोडके, विहिरीच्या पाटाला शेपू आणि कांद्याची पात. कारळाची चटणी वेगळी, जवसाची वेगळी, तिळाची वेगळी, आणि तिन्ही एकाच आठवड्यात. अंबाडीची भाजी ती ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाचं तेल ओतायची. बाजारातून तेल-मीठ सोडून आमच्याकडं फारसं काही येत नव्हतं. गरिबीचं खाणं म्हणून लोक त्याला हसायचे, आणि मीही लहानपणी शाळेच्या डब्यात पोळी मागायचे.

पथ्य सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी तिनं बांधावर काही लावलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, कुणासाठी लावू? बाबांनी मग सोयाबीन पार बांधापर्यंत पेरलं. कूपावर नुसते कारल्याचे वेल. दुरून शेत हिरवंगार दिसायचं आणि त्यात खाण्यासारखं काही नव्हतं.

एकदा मी तिला दोन दिवसांसाठी सेनगावला माझ्या घरी आणलं. मुद्दाम अंबाडी केली, डाळ-कांदा केला, शेंगदाण्याचा ठेचा केला. ती ताटासमोर बसली आणि आधी नुसतं बघत राहिली. मग खाली मान घालून जी जेवायला लागली, ती बोललीसुद्धा नाही. भाकरी संपली की मी वाढत होते आणि ती नको म्हणत नव्हती. माझ्या आईला मी असं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. ती नेहमी वाढणारी. जेवण झाल्यावर हात धुताना मला म्हणाली, "घरी सांगू नको बरं, म्या अंबाडी खाल्ली म्हून." चोरी केलेल्या पोरासारखा तिचा चेहरा झाला होता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, तो मी भांड्यांवर काढला.

मी डबे पाठवायचे. जीपवाल्याच्या हाती चटणी, लाडू, शिजवलेली मटकी. ते डबे धुऊन परत यायचे, आणि नंतर कळलं की आतलं सगळं शेजारच्या लेकरांना वाटलं जायचं. बाबांच्या समोर खायचं नाही आणि बाबांच्या माघारी खायचं म्हणजे तिला लबाडी वाटायची.

ती वाळत गेली. गालफडं बसली, नखं पांढरी पडली. पाण्याची घागर आणताना दोनदा खाली ठेवायची. आणि आलेल्या बायका काय म्हणायच्या? वहिनी किती हलक्या झाल्या, बरं झालं, ह्या वयात अंग हलकंच बरं. बारीक माणूस निरोगी, हे तर आता सगळ्यांना पाठच झालंय. एक दिवस मी अचानक गेले तर ती चुलीपाशी बसून काहीतरी चघळत होती. तोंड उघडायला लावलं. चुलीच्या मातीचा खपला होता. म्हणाली, मन होतं खावंसं, काहून कोण जाणे. मी बाबांवर ओरडले. बाबा गोंधळून तिच्याकडं बघत राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते तिच्या आधी जेवून उठायचे ना.

दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण सोयाबीन काढणीला आलं होतं. चार दिवसांनी जाऊ म्हणून राहिलं, आणि ती शेतातच पडली. विळा हातात होता. उचलून जीपमध्ये घातली तेव्हा अर्ध्या पोत्याइतकंही वजन लागलं नाही, असं उचलणारे सांगत होते.

हिंगोलीला तेच डॉक्टर. रक्त फारच कमी झालं होतं, ते चढवावं लागलं. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला विचारलं, घरी काय काय खाता. ती म्हणाली, "ह्यांचं पथ्य हाय." डॉक्टर म्हणाले, यांचं झालं, तुमचं सांगा. आईला प्रश्नच कळला नाही. ती माझ्याकडं बघायला लागली, की डॉक्टर काय विचारून राहिले. मग तिनं पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं, डॉक्टरांना ऐकू आलं नसेल म्हणून.

डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे, फळं, सगळं सुरू करा, दोघांनाही. तुम्हाला मी काय बंद केलं होतं? बाबा म्हणाले, तुमी न्हाई, पण माणसं सांगून राहिली. बाबांचा चेहरा उतरला होता आणि मला वाटलं, आता तरी संपलं.

कसलं संपतंय. आईला घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आता पेशंट नवा, आजार नवा, पथ्यही नवं. रक्त कमी आहे ना? मग लाल खा. बीट लाल असतं, त्यानं रक्त होतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. बाबा शिरडच्या बाजारातून पिशवीभर बीट घेऊन आले. ते स्वतः ओट्यावर बसून किसायचे, हात लालभडक व्हायचे. त्यांना कधी चहा करता येत नव्हता, पण बीट किसायला ते शिकले. त्यांचा जीव तिच्यावर होता हे मी नाकारत नाही. पण सकाळी बीट, दुपारी बीट, संध्याकाळी बीट. डाळ सुरू करायची आठवण मी केली की म्हणायचे, आधी रक्त भरू दे.

मी रजा टाकून आले होते. एका दुपारी आई मला हळूच म्हणाली, अंबाडी मिळंल का कुठं? आमच्या बांधावर तर सोयाबीनचा बुडखा. गल्लीत फिरले, एका घरून जुडी मिळाली. कण्या घालून शिजवली, लसणाचं तेल घातलं, आणि वाटी तिच्या हातात दिली. तेवढ्यात काका आले. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, आंबट? आंबटानं रक्ताचं पाणी होतं, ठाऊक न्हाई का तुमाला? मी म्हणाले, काका, डॉक्टरांनी पालेभाजी खायला सांगितली आहे. ते म्हणाले, पालेभाजी सांगितली आसंल, आंबट न्हाई सांगितलं. मी भांडायला तोंड उघडलं. पण आईनंच वाटी खाली ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "उगं कुणाच्या मनाला तकलीफ."

काका गेल्यावर मी वाटी पुन्हा पुढं केली. तिनं नाही घेतली. एकदा सांगितलेलं ऐकलं आणि माघारी मोडलं, असं तिला जमणारच नव्हतं. मी ती भाजी बाहेर कुत्र्यापुढं ओतली. त्या कुत्र्यानं ती पुसून खाल्ली.

दिवाळीनंतर तिला ताप आला. अशा तापातून माणसं उठतात, गोळ्या घेतात आणि कामाला लागतात. तिच्या अंगात तापाशी लढायला काही शिल्लकच नव्हतं. दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सगळे ओट्यावर बसले होते. नदीवर नैवेद्य न्यायचा होता, कावळ्यासाठी. काका माझ्याकडं वळून म्हणाले, तिला काय काय आवडायचं ते सगळं कर बाई, काही ठेवू नको, नाहीतर कावळा शिवायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. व्याही म्हणाले, वरण तर पाहिजेच. गुरुजी म्हणाले, एखादं फळ ठेवा. शेंगदाण्याची चटणी त्यांना लई आवडायची, असं हळदीच्या हातांचा तो शेजारी म्हणाला. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांना आठवतच नव्हतं.

सकाळी मी आईच्या चुलीवर सगळं केलं. तुरीचं वरण त्या कोपऱ्यातल्या पोत्यातून. शेंगदाण्याची चटणी. अंबाडीचा शेंड्याचा कोवळा पाला तेवढा कुणाच्या तरी बांधावर उरला होता, तो आणला. आणि वांगी काकूंनी आणून दिली, पदर भरून, त्यांच्याच परसातली. काटेरी, ताजी वांगी. मी विचारलं, तुमच्याकडं वांगी असतात? काकू म्हणाल्या, अगं, ह्यांना वांग्याबिगर घास जात न्हाई. भिंतीपलीकडं इतकी वर्षं वांगं शिजत होतं.

कावळा लगेच शिवला. भावानं नदीवरून येऊन सांगितलं, की पान ठेवलं आणि दोन मिनिटांत शिवला. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, काही इच्छाच राहिली नव्हती.

पुरुषांची पंगत बसली. मी वाढत होते. काकूंनी बाबांसाठी वेगळा दुधी शिजवला होता, तो त्यांच्या ताटात वाढला, आणि बाकीच्यांच्या ताटांत भरली वांगी, वरण, अंबाडी, चटणी. व्याही म्हणाले, आता तर दादांनी पथ्य जास्तच सांभाळायला पाहिजे, बघणारं कुणी राहिलं नाही. बाबांनी घास घेतला नाही. ते शेजारी बसलेल्या काकांच्या ताटाकडं बघत होते. काका दुसरं वांगं खात होते.

"तू वांगं खातोस?" बाबांनी विचारलं.

काका जरा हसले. "मला कुठं शुगर हाय, दादा."

"तिला व्हती का?"

पंगत थांबली. काकांच्या ताटात वांग्याचं देठ होतं, ते त्यांनी भाकरीच्या तुकड्याखाली सरकवलं. बाबांनी दुधीचं ताट माझ्याकडं ढकललं आणि आईच्या नावानं देवळीपाशी जे ताट वाढून ठेवलं होतं ते मागितलं. मी आणून दिलं. त्यांनी अंबाडीपासून सुरुवात केली आणि कुणाकडंही न बघता सगळं संपवलं, आणि त्या दिवशी एवढ्या माणसांपैकी एकानंही त्यांना काही बंद करायला सांगितलं नाही.